कवितेचा तास कसा घ्यावा: मराठवाड्यात नव्याने रुजू झालेल्या मराठीच्या शिक्षकांसाठी

नियुक्तीचा आदेश हातात पडतो, शाळा मिळते, आठवी ते दहावीची मराठी आपल्याकडे येते. धडे कसेबसे पुढे सरकतात. कविता काढली की मात्र वर्ग एकदम गप्प होतो. मागच्या बाकावरची मुलं मान खाली घालतात आणि पुढच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, अर्थ लिहून द्या ना." आपण अर्थ लिहून देतो, मुलं उतरवून घेतात, तास संपतो. कविता कुणी ऐकलेलीच नसते.

माझं सांगणं एकच आहे. कविता आधी कानावर पडू द्या, मग तोंडात बसू द्या, अर्थ त्यानंतर येऊ द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. प्रत्येक कवितेला सगळ्या पायऱ्या लागत नाहीत, पण पहिल्या तीन कधीच गाळू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या भागातली मुलं कवितेला परकी नाहीत. कुणाची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत मोठी झालेली असते, कुणाच्या घरी एकादशीला भजन असतं, गावात सप्ताह बसला की काल्याच्या कीर्तनापर्यंत पोरं मंडपात असतात. १४ एप्रिलला निम्मा वर्ग भीमगीतं तोंडपाठ म्हणतो. बंजारा तांड्यावरची मुलं होळीला लेंगी गातात. फक्त यातलं काही 'कविता' या नावाखाली येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं हे आपलं पहिलं काम.

पायरी पहिली: आदल्या रात्री कविता स्वतः मोठ्याने वाचा

मनात वाचून भागत नाही. घरात, गच्चीवर, जिथे संकोच वाटणार नाही तिथे मोठ्याने वाचा. जीभ कुठे अडखळते, श्वास कुठे घ्यावासा वाटतो, कुठल्या शब्दावर आवाज आपोआप खाली येतो, तिथे पेन्सिलने खुणा करा. मुक्तछंदातली कविता असेल तर ओळ तोडली आहे तिथे किंचित थांबून पाहा. कवीने ती तिथेच का तोडली, हे पुष्कळदा वाचतानाच कळतं.

गाईड या रात्री उघडू नका. त्यातला भावार्थ एकदा डोक्यात बसला की दुसऱ्या दिवशी तोंडातून तोच बाहेर पडतो, आणि मुलांनी वेगळं काही सांगितलं तर ते आपल्याला ऐकूच येत नाही.

पायरी दुसरी: पुस्तकं मिटून पहिलं वाचन

वर्गात गेल्यावर कवीचा परिचय, जन्मगाव, पुरस्कार यांनी सुरुवात करू नका. कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर मांडू नका. पुस्तकं मिटायला सांगा आणि कविता वाचा. चाल येत असेल तर म्हणा, येत नसेल तर नीट वाचा. गाता गळा नसला तरी काही अडत नाही, स्पष्ट आणि सावकाश वाचन पुरतं.

वाचून झालं की लगेच बोलू नका. नव्या शिक्षकाला शांततेची भीती वाटते आणि तो ती चटकन शब्दांनी भरून टाकतो. तेवढा वेळ मुलांना द्या. मग दुसऱ्यांदा वाचा, या वेळी पुस्तक उघडून.

तासिका कुठली आहे यानेही फरक पडतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, जेवणाच्या सुट्टीनंतर कुठलीच कविता चालत नाही. वेळापत्रक लावणाऱ्या सहकाऱ्याला विनंती करून कवितेसाठी सकाळचा तास मागून घ्या. शनिवारची सकाळची शाळा याला सगळ्यात चांगली.

पायरी तिसरी: सगळ्यांनी मिळून म्हणणं

तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचे आवाज फुटतात. शिक्षक ज्याला एकट्याला उभं करून "म्हण कविता" म्हणतात, त्याचा आवाज मध्येच घोगरा होतो, वर्ग हसतो आणि त्याच्यापुरती कविता तिथेच संपते. मुलींचा संकोच निराळा, पण तितकाच खरा. म्हणून एकट्याला उभं करणं टाळा, निदान पहिले काही महिने.

त्याऐवजी वर्ग वाटून घ्या. एका रांगेने एक ओळ, दुसरीने दुसरी. ध्रुपद सगळ्यांनी. एकदा कुजबुजत म्हणायला सांगा. कुजबुजण्यात आवाजाची लाज उरत नाही, आणि शब्द मात्र नीट उच्चारावे लागतात. मग एकदा बाकावर ठेका धरून. शेजारच्या वर्गाला त्रास होतो म्हणून तक्रार येईल, तेव्हा पटांगणातल्या लिंबाखाली जा.

संत एकनाथांचं भारूड शिकवायला मिळालं तर वाचनाच्या पुढे जा. पैठणच्या नाथांनी भारुडात आंधळा, बहिरा, जोशी, वासुदेव अशा माणसांना बोलतं केलं. तेव्हा भारूड ही सोंग घेऊन सादर करायचीच गोष्ट आहे. वर्गात हुंदडणारी, कधी वही न उघडणारी जी दोन-तीन पोरं असतात, त्यांना हे काम द्या. एका ओढणीचा फेटा आणि झांजांची जोडी एवढं सामान पुरतं. त्यांनी पाठ केलेल्या ओळी ती दहावी झाल्यावरही विसरत नाहीत.

पायरी चौथी: "अर्थ काय?" हा प्रश्न मागे ठेवा

वाचन झाल्यावर पहिला प्रश्न असा विचारा: "कुठली ओळ कानात राहिली?" याला चुकीचं उत्तर नाही, म्हणून हात वर येतात. ज्याने त्याने आपली ओळ वहीत उतरवायची. मग विचारा: "या कवितेत काय काय दिसतं? काय ऐकू येतं? वास कशाचा येतो?" मुलं सांगतील त्या वस्तू त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. त्यानंतर: "हे कोण बोलतंय? कुणाला सांगतंय?" बहुतेक कवितांचा गाभा या तिसऱ्या प्रश्नाने उघडतो.

मुलं बोलू लागली की बोलीत बोलतात आणि ते तसंच बोलू द्या. "मव्हं म्हणणं आसं हाय" असं कुणी सुरू केलं तर "माझं म्हणणं असं आहे, असं म्हण" म्हणून मध्येच तोडू नका. तो भाषेची चूक करत नाही, कवितेवर मत देतोय. प्रमाण भाषा लिहिताना शिकवता येते, त्यासाठी वेगळा वेळ काढा. एकदा तोडलं की तो मुलगा पुढचं वर्षभर तोंड उघडत नाही.

शब्दार्थांची वेळ आता आली. पण अर्थ आपण सांगण्याआधी वर्गाला विचारा. माळवद, तिफण, आखाडा, सरवा, कासरा हे शब्द शहरातल्या शिक्षकाला शब्दकोशात शोधावे लागतील. हिंगोली-परभणीकडच्या खेड्यातली पोरं ते हाताने करून दाखवतात. 'सरवा' म्हणजे काय हे शेंगा उपटून झालेल्या रानात मागे राहिलेल्या शेंगा वेचलेली मुलगी जितकं नेमकं सांगेल, तितकं कुठलंही पुस्तक सांगत नाही. अशा वेळी ती वर्गाची शिक्षक असते. तिला उभं राहून सांगू द्या.

घरची भाषाही विसरू नका. देगलूर, धर्माबादकडे घरात तेलुगू असते, उमरगा-उदगीर पट्ट्यात कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, आणि छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत कितीतरी घरांत उर्दू. "हाच शब्द तुझ्या घरी कसा म्हणतात?" एवढं विचारलं की मागे राहणारी मुलं पुढे येतात. उर्दू बोलणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा की वली आणि सिराज हे दोन मोठे शायर 'औरंगाबादी' म्हणूनच ओळखले जातात.

पायरी पाचवी: अक्षरं मोजणं

हा भाग माझ्या फार आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. छंद, मात्रा, गण हे मुलांना गणितासारखं वाटतं आणि ती घाबरतात. सुरुवात वृत्तांनी करू नका, अभंगाने करा. मोठ्या अभंगाचं माप सोपं आहे: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. तुकोबांची सगळ्यांना पाठ असलेली ओळ घ्या:

सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया

बोटांवर मोजून घ्या. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. विटेवरी आणि कटावरी, यमक. ठेवोनिया, चार. मुलांच्या चेहऱ्यावर या क्षणी जे येतं ते पाहण्यासारखं असतं, कारण लहानपणापासून म्हटलेल्या गोष्टीला आतून एक माप आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं.

लगेच त्यांना त्याच मापात लिहायला सांगा. विषय रोजचा द्या: शाळेची वाट, हापसा, बैल, आईचं काम. आठवीतल्या एका मुलीने कापसाच्या वेचणीवर लिहायला घेतलं. तिचं पहिलं वाक्य असं होतं: "मी शाळेतून गेल्यावर आईसोबत कापूस वेचते आणि माझी बोटं लाल होतात." मी विचारलं, "यातले कुठले शब्द काढले तरी गोष्ट तशीच राहते?" तिने शाळा काढली, 'मी' काढला, 'आणि' काढला. उरलं: कापूस वेचता, बोटं झाली लाल. मोजलं, सहा आणि सहा. आता 'लाल'ला यमक हवं होतं. ती म्हणाली, "आईचे खूप हाल." सात भरले. शेजारची हळूच म्हणाली, "घरी तर तू माय म्हणतीस." मग झालं 'मायचे हे हाल', बरोबर सहा. शेवटी तिने 'कोणाला सांगू' लिहिलं होतं, एक अक्षर जास्त. ते तिने स्वतःच कापलं:

कापूस वेचता / बोटं झाली लाल / मायचे हे हाल / कुणा सांगू

यात शिक्षकाने एकही शब्द दिलेला नाही, फक्त मोजायला लावलं. मापामुळे फालतू शब्द गळतात, आणि घरातला खरा शब्द माप भरण्यासाठी का होईना पण वर येतो. 'माय' हा शब्द तसा आला. मुक्तछंद नंतर शिकवा. आधी बंधन हाताळलेल्या मुलांना मोकळेपणाची किंमत लवकर कळते.

दोन सूचना. यमकासाठी अर्थहीन शब्द ओढून आणला तर "हे तू खरंच पाहिलंस का?" एवढंच विचारा. आणि सहाच्या ठिकाणी सात झाले म्हणून लाल पेनने खोडू नका. मोठ्याने म्हणायला लावा, कान स्वतःच सांगतो.

पायरी सहावी: घरातून कविता आणायला लावणं

सुट्टीचा गृहपाठ म्हणून हे द्या: आजी, मोठी आई, गल्लीतली म्हातारी, कुणाकडूनही एक ओवी, एक भलरी (शेतात काम करताना म्हणायचं गाणं) किंवा एक पाळणा आणायचा. मोबाइल असेल तर विचारून, परवानगी घेऊन आवाज टिपायचा. नसेल तर ऐकून लिहायचा. पुष्कळ मुलींना घरी फोन हाताळू देत नाहीत, म्हणून रेकॉर्डिंगची सक्ती नको. कुणाकडून ऐकलं, ती बाई मूळ कुठल्या गावची आणि हे कुठलं काम करताना म्हणायची, या तीन गोष्टी मात्र लिहून आणायच्याच.

नमुना ऐकवायचा असेल तर 'परी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून तो उभा राहिला. लाखभर ओव्या त्यात आहेत, बऱ्याच आवाजासह. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तिथे ऐकायला मिळतात. जात्यावर फक्त देवाचं आणि माहेराचं गायलं जात होतं असा मुलांचा समज असतो, तो त्या ऐकून जातो.

याला जोडून मराठवाड्याचा एक मोठा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावा आणि त्यावर कवींची गावं मुलांकडून भरून घ्या. नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यात, जनाबाईंचं गंगाखेड परभणीत, गोरोबांचं तेर धाराशिवमध्ये, ज्ञानेश्वरांचं आपेगाव आणि एकनाथांचं पैठण गोदावरीकाठी, रामदासांचं जांब जालन्यात, मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्या अंबाजोगाईला. अजिंठ्याच्या डोंगराजवळचं पळसखेड ना. धों. महानोरांचं, परभणी बी. रघुनाथांची, नांदेड वा. रा. कांतांचं. आपल्याच तालुक्याच्या शेजारी कवी झाला ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाला वाटते त्यापेक्षा फार मोठी असते. पुस्तकातला कवी पुण्या-मुंबईचाच असतो, असं तो धरून चाललेला असतो.

पायरी सातवी: दुखरे विषय

यावर घाई करून चालत नाही. दुष्काळ, कर्ज, शेतकऱ्याची आत्महत्या, ऊसतोड, जात, हे विषय आपल्या भागातल्या कवितेत वारंवार येतात, आणि तुमच्या वर्गात असं एखादं मूल असू शकतं ज्याच्या घरात ते घडून गेलेलं आहे. कविता घेण्याआधी वर्गशिक्षकाकडून किंवा मुख्याध्यापकांकडून शांतपणे माहिती करून घ्या. तशी कविता घ्यायचीच असेल तर त्या मुलाला आधी एकटं गाठून सांगा, की उद्या ही कविता आहे, तुला वर्गात बसायचं नसेल तर ग्रंथालयात बस. बहुतेक मुलं बसतात. पण त्यांना विचारलं गेलं, हे महत्त्वाचं.

"तुझ्या दुःखावर लिही" असं कधीही सांगू नका. लिहिलं तर ते वर्गात वाचायला लावू नका, भित्तिपत्रकावर लावण्याआधी विचारा, आणि स्पर्धेला तर पाठवूच नका. मूल स्वतःहून वही आणून देईल तेव्हा वाचा, आणि दाद देताना आधी त्याच्या शब्दांबद्दल बोला. त्यात काही काळजीचं दिसलं, जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली, तर त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पालकांशी बोला. ती गोष्ट कवितेच्या तासावर सोडून देऊ नका.

बीड, धाराशिव, जालन्याकडच्या शाळांत दिवाळीनंतर काही मुलं आईवडिलांसोबत ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात. परत येतात तेव्हा धडे बरेच पुढे गेलेले असतात. अशा मुलांना वर्गात पुन्हा सामावून घ्यायला कविता सगळ्यात सोपी, कारण तिला मागचा संदर्भ लागत नाही. ही मुलं परत आली त्या आठवड्यात नवी कविता काढा.

प्रेमाच्या कवितेवर वर्गात खुसखुस होणारच. रागावू नका, गडबडूनही जाऊ नका. इतर कवितांसारखेच प्रश्न विचारा, कोण बोलतंय, कुणाला, काय दिसतंय. आपण अवघडलो नाही की तीही लवकर सावरतात.

पायरी आठवी: परीक्षा

दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, रसग्रहण येतं आणि पालकांना गुण हवे असतात. ही अपेक्षा रास्त आहे. रसग्रहणाचे तीन मुद्दे असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. वर जे केलं तेच या तीन नावांखाली मांडायला शिकवा. "कोण बोलतंय, कुणाला, काय सांगतंय" याची उत्तरं म्हणजे आशय. "काय दिसतं, काय ऐकू येतं" म्हणजे प्रतिमा, आणि त्या काव्यसौंदर्यात जातात. अक्षरं मोजली, यमक पाहिलं, बोलीतले शब्द टिपले, ते भाषिक वैशिष्ट्यांत. फळ्यावर मुलांनी सांगितलेलं असतंच. तास संपण्याआधी त्याचे तीन भाग पाडून वहीत उतरवून घ्या. इथे मात्र प्रमाण भाषा आणि शुद्धलेखन यांचा आग्रह धरा, आणि तो का धरतोय हेही सांगा.

तयार रसग्रहण पाठ करून येणाऱ्या मुलांना एक सराव द्या: पुस्तकाबाहेरची, आधी न वाचलेली कविता समोर ठेवून तिचं रसग्रहण. पाठांतर तिथे चालत नाही, आणि ज्याने वर्गात तोंड उघडलं होतं तो मुलगा तिथे पुढे निघून जातो.

वर्षाची आखणी

जूनमध्ये पाऊस-पेरणीची कविता घ्या, मग ती अभ्यासक्रमात पाचव्या क्रमांकावर असली तरी. पाठ्यपुस्तकातला क्रम मोडायला मुख्याध्यापकांची हरकत सहसा नसते, फक्त वार्षिक नियोजनात तसं लिहा. आषाढात अभंग. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनी झेंडावंदनानंतर भाषणांच्या जोडीला एक समूहवाचन. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळी शाळा शेतात असते, तिथून परत आल्यावर लिहिण्याचा तास ठेवा, त्या दिवशी मुलांकडे सांगायला भरपूर असतं. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला मुलांच्या स्वतःच्या कवितांचं हस्तलिखित काढा. छापायला पैसे लागत नाहीत, सुई-दोऱ्याने शिवलेली कोऱ्या कागदांची वही पुरते. मुखपृष्ठ चित्र काढणाऱ्या मुलाकडे, अक्षर ज्याचं चांगलं त्याच्याकडे लेखन.

आणि रोजच्या परिपाठात सुविचारानंतर एका कवितेच्या चार ओळी. दर आठवड्याला एका वर्गाची पाळी लावा, ओळी मुलांनीच निवडायच्या. त्यासाठी ग्रंथालयाचं कपाट उघडं ठेवावं लागेल. किल्ली कुणाकडे असते ते रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.